कॅप्टनबाईंचा चष्मा आणि बारावी खेळाडू

तुम्हाला म्हणून सांगतो, देशाचा बास्केटबॉल संघ निवडायला निवड समिती लागतच नाही. मी पुरेसा आहे! निदान गेल्या वर्षापर्यंत माझं असं ठाम मत होतं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, भिंतीवर फ्रेमा, मध्ये तपासणीची खुर्ची आणि मागे जिन्याखालच्या खोलीत काचा घासायचं यंत्र. यंत्रावर बायको बसते. तिचा हात इतका पक्का आहे की काच फ्रेममध्ये बसताना 'टक्' असा आवाजही करत नाही, गुपचूप जाऊन बसते. मी पुढे नंबर काढतो आणि बोलतो. ही दोन कामं वेगवेगळी करायचा प्रयत्न मी केला होता, पण जमलं नाही.

बास्केटबॉलचं वेड शाळेपासूनचं. मी शाळेच्या संघात होतो. सगळे सामने बाकावर बसून काढले, ही गोष्ट खरी. पण बाकावर बसून मी तो खेळ इतका बारकाईने पाहिला की खेळणाऱ्यांनाही तेवढा दिसला नसेल. त्यांना धावावं लागत होतं ना!

तर गेल्या वर्षी आपल्या मुलींचा संघ मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला आणि निवडीचं शिबिर नेमकं आमच्याच गावातल्या स्टेडियमवर भरलं. संघात बारा जणी घ्यायच्या होत्या. त्या बारा जणी कोण असणार, हे मी शिबिर सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं. शेजारच्या औषधवाल्याने विचारलं, एक जरी चुकली तर काय? मी छाती पुढे काढून म्हणालो, चुकली तर स्पर्धा संपेपर्यंत बास्केटबॉलवर अवाक्षर काढणार नाही. तो म्हणाला, "एवढं जालीम औषध तर माझ्याही दुकानात नाही."

मी इरेला पेटलो. नजर तपासायचा जो फलक असतो, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणारी अक्षरं, तो मी काढून ठेवला आणि त्याच्या जागी माझा संघ लावला. वर कप्तानाचं नाव वीतभर अक्षरात. खाली बाकीच्या, एकेका ओळीत. सगळ्यात शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, माझं गुपित अस्त्र: झुंबर.

झुंबर हे तिचं टोपणनाव. पोरगी इतकी उंच की ती उभी राहिलेली वाटतच नाही, छताला टांगल्यासारखी वाटते. तिचं नाव कुठल्याच जाणकाराच्या संघात नव्हतं, म्हणून तर माझ्या संघात होतं.

फलकाचे परिणाम लगेच दिसू लागले. ज्यांना खेळातलं काही कळत नव्हतं त्यांची नजर चांगली असूनही ते अडखळायचे. उलट एक गृहस्थ गल्लीतल्या चर्चेतून माझा संघ पाठ करूनच आले. त्यांनी बाराही नावं धडाधड म्हणून दाखवली, चष्मा न घेता उठले आणि दाराच्या खांबाला "माफ करा हं" म्हणून निघून गेले. बायकोने मागून सगळं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, की अहो, गिऱ्हाइकं आंधळी राहिली तरी चालतील, पण रस्ता ओलांडताना धडकली की आपलं नाव सांगायला नकोत.

आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात साक्षात कॅप्टनबाई आल्या!

कॅप्टनबाई म्हणजे एकेकाळच्या संघाच्या कप्तान आणि आता निवड समितीच्या प्रमुख. केस पांढरे झालेत, पण उंची तशीच. दारातून येताना वाकल्या, तेव्हा मला उगाचच त्या मलाच नमस्कार करतायत असं वाटलं. त्यांनी काउंटरवर रुमाल उलगडला. आत चष्मा होता, म्हणजे पूर्वी चष्मा असलेली एक वस्तू होती. गाडीत सीटवर ठेवला होता आणि त्या स्वतःच त्यावर बसल्या होत्या. दुपारी निवडीचा शेवटचा सामना, आणि लांबचं काहीच दिसत नाही. दुपारपर्यंत होईल का, एवढंच त्यांनी विचारलं. बायको हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, होईल, यांनी नंबर वेळेत काढला तर होईल.

मी बाईंना खुर्चीवर बसवलं, तपासणीची फ्रेम नाकावर चढवली आणि भिंतीकडे बोट केलं.

"पहिली ओळ?"

बाईंनी नाव वाचलं. "ही आहेच," त्या म्हणाल्या.

"दुसरी?"

"हीसुद्धा आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "आणि पाचवी?"

"ही मला दिसत नाही."

"नीट विचार करा, बाई. सगळा मोसम सुरेख खेळली आहे."

"असेल हो. पण मला नाही दिसत."

तेवढ्यात मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "अहो, काच बदला." मी काच बदलली. पाचवी दिसली. माझा जीव भांड्यात पडला. असं करत करत आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत आलो. तिथे काही लिहिलंय का, असं बाईंनी विचारलं आणि मग मी सुरूच झालो. झुंबरची उंची, झुंबरचे हात, झुंबरची उडी. बाई फ्रेम नाकावर घेऊन शांतपणे ऐकत होत्या. दोन्ही डोळ्यांवर जाड काचा असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय भाव आहेत ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी बघितलंही नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "हा संघ तुम्ही निवडलात?"

"हो."

"मग आम्ही कशाला आलो?"

मला वाटलं, कौतुक करतायत.

नंबर मात्र मी अगदी अचूक काढला होता, हे नमूद करतो. बाईंनी साधी तपकिरी फ्रेम निवडली आणि त्या बाहेर गाडीत फोन करत बसल्या. बायकोने कामं बाजूला सारून काचा घासल्या, बसवल्या, तपकिरी डबीत घालून चष्मा काउंटरवर आणून ठेवला. आता गंमत बघा. काउंटरवर आधीच एक तपकिरी डबी होती. तिच्यातही तपकिरी फ्रेमच होती. तो चष्मा हेडबाईंचा, म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेचा. जवळचा, वाचायचा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. चष्मा नाकावर चढवून, समोरचं वाचून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. हा नियम मी रोज पाळतो. त्या दिवशी गाडी हॉर्न वाजवत होती, बाई घाईने आत आल्या आणि मी, "हात बघा बाई तिचे, नुसते हात बघा," असं म्हणत एक डबी त्यांच्या हातात ठेवली. त्या गेल्या. मी लगोलग औषधवाल्याकडे ही खबर द्यायला गेलो. तिथे रंगात आलो असतानाच हेडबाई दुकानाशी आल्या. मी तिथूनच ओरडून सांगितलं, की बाई, काउंटरवर डबी आहे, घेऊन जा.

म्हणजे नियम मी एकाच सकाळी दोनदा मोडला. मोडायचाच तर नीट मोडावा!

जेवण करून मी जरा डोळा लावणार तोच हेडबाई परत आल्या. या बाईंनी मला शाळेत शिकवलंय आणि वर्गातलं माझं नाव त्या अजून विसरलेल्या नाहीत.

"चुळबुळ्या," त्या म्हणाल्या, "वर्तमानपत्रातली अक्षरं मुंग्यांसारखी पळतायत. मी वाचक आहे, वारुळ नाही."

मी चष्मा त्यांच्या हातात असतानाच वाकून काचेकडे बघितलं. काच कडेला जाड आणि मध्ये पातळ. लांबचा नंबर. हेडबाईंचा चष्मा इथे नाही याचा अर्थ तो कुठे आहे, हे समजायला निवड समितीची गरज नव्हती. देशाच्या संघाची निवड या घटकेला वाचायच्या चष्म्यातून चालली होती!

मी स्टेडियमला फोन लावला. वाजत राहिला. कॅप्टनबाईंचा नंबर मी घेतला होता, पण तो डोळ्यांचा. बायको मागून आली, तिने काच बघितली आणि माझ्याकडे बघितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. ओढणीने हात पुसत म्हणाली, "स्कूटरची किल्ली खिशात आहे का बघा. दुकान मी सांभाळते." आजही तिचं ते वाक्य आठवलं की मला वाटतं, मी या बाईच्या लायकीचा होण्यासाठी अजून बराच अभ्यास करायला हवा.

पण हेडबाई चष्मा देईनात. माझा चष्मा माझ्या हातात पडेपर्यंत हा मी सोडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना मागे बसवलं. एका हातात डबी, दुसऱ्या हाताने माझी कॉलर, अशा त्या बसल्या आणि वाटेत प्रत्येक वळणावर, हात दाखव, आरशात बघ, पुढच्याला जाऊ दे, अशा सूचना देत राहिल्या. मला गाडी चालवायला येऊ लागल्यापासून इतक्या शिस्तीने मी ती कधी चालवली नव्हती. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

स्टेडियमच्या दारात रखवालदाराने अडवलं. आत फक्त खेळाडू आणि अधिकारी, बाकी कोणाला सोडता येत नाही, असं तो सांगू लागला. मी हात जोडायच्या बेतात होतो. हेडबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "शर्ट आत खोच." तो बिचारा शर्ट खोचायला वळला. आम्ही आत गेलो.

आत सामना संपला होता. मुली घामाने निथळत जमिनीवर बसल्या होत्या आणि समितीतला एकजण नावं वाचत होता. कॅप्टनबाई मध्ये बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता. आम्ही मागच्या बाकावर टेकलो. एकेक नाव येत होतं आणि प्रत्येक नाव माझ्या फलकावरचं! माझी भीती हळूहळू पातळ होऊ लागली. अकरा नावं झाली. अकराही माझी. मी मनातल्या मनात औषधवाल्याला चहा पाजायला लावला होता.

बारावं नाव आलं. ते झुंबरचं नव्हतं. ते टकळीचं होतं.

टकळी कोण, हे सांगायला हवं, कारण तिला कोणी ओळखत नव्हतं. एक ठेंगणीशी मुलगी. तोंड सतत चालू म्हणून सगळ्या तिला टकळी म्हणायच्या. मी माझा संघ करताना पहिल्या झटक्यातच तिच्यावर काट मारली होती. गुण कमी, बडबड जास्त. बोलक्या माणसांशी माझं पटतच नाही.

नाव ऐकलं आणि टकळीचं बोलणं थांबलं. तोंड उघडं, पण आवाज नाही. शेजारच्या मुलीने तिला हलवलं तेव्हा ती दोन्ही हातांनी चेहरा झाकून रडायला लागली. आणि पलीकडे झुंबरने टॉवेल डोक्यावरून पुढे ओढून घेतला. एवढी उंच मुलगी, पण टॉवेलखाली किती लहान दिसत होती म्हणून सांगू!

बाईंना दिसलंच नसणार. वाचायच्या चष्म्यातून त्यांना उंच कोण आणि ठेंगणं कोण तेसुद्धा कळलं नसणार. सांगावं, तर त्या छोटीच्या तोंडचा घास काढून घ्यायचा. न सांगावं, तर या दुसरीचं वर्षानुवर्षांचं घाम गाळणं माझ्या एका डबीपायी वाया. मी बाकावर चुळबुळ करू लागलो.

हेडबाईंनी मान वळवली नाही. "चूक झाली की काय करायचं, हे मी तुला शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "उभं राहायचं."

मी उभा राहिलो. कोर्टच्या मधोमध गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की बाई, मी चष्मेवाला, सकाळी मी तुम्हाला दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला, तुम्ही जे बघितलं ते खरं नव्हतं, चूक पूर्ण माझी आहे आणि यात या दोघींपैकी कोणाचाही दोष नाही.

पुढे जो गोंधळ झाला तो विचारू नका. संघटनेचे सचिव उठून निवड रद्द करायची का, असं विचारू लागले. दोन प्रशिक्षक एकाच वेळी बोलू लागले. रखवालदार शर्ट खोचून आत आला आणि मला बाहेर काढू लागला. कॅप्टनबाईंनी नुसता हात वर केला. सगळे गप्प झाले.

त्यांनी खिशातून तपकिरी डबी काढली. हेडबाई पुढे झाल्या. युद्धकैद्यांची अदलाबदल व्हावी तशा दोन्ही डब्या इकडच्या तिकडे गेल्या. हेडबाईंनी आपला चष्मा लगेच चढवला, खात्रीसाठी समोरच्या टेबलावरचा निवडीचा कागद उचलला, वाचला आणि दिसतंय म्हणून मान डोलावली. मग पेन काढून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायला बसल्या.

कॅप्टनबाईंनी आपला चष्मा घातला आणि पहिल्यांदा मला नीट पाहिलं. मग जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो. सामना सुरू झाला, त्यांनी चष्मा लावला आणि सगळं कोर्ट पाण्यात बुडालं. काढला, तर धुकं. आता सामना थांबवा म्हणायची त्यांना लाज वाटली. समितीतले बाकीचे बघत होतेच. गुण मांडणारे होते. महिनाभराचं प्रत्येकीचं काम त्यांना पाठ होतं आणि अकरा नावं जवळजवळ ठरल्यासारखीच होती. अडलं होतं ते बाराव्या जागेवर. तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सामना ऐकला.

"बूट ऐकले, चेंडू ऐकला," बाई म्हणाल्या. "आणि एक आवाज ऐकला. डावीकडे बघ. मागून येतेय. तू जा, मी आहे. हा आवाज कोर्टवर असला की बाकी चौघींचे बूट वेळेवर हलायचे. तो बाकावर गेला की सगळ्या मुक्या. मला इतके दिवस वाटत होतं, ही मुलगी नुसती बडबडते. खरं तर ती सगळा वेळ दुसऱ्यांना सांभाळत होती. डोळे उघडे असताना हे मला कधी ऐकूच आलं नाही."

मग त्या समितीकडे वळल्या आणि विचारलं, की ज्यांना दिसत होतं त्यांचं मत काय? इतरांनीही बाराव्या जागी तिचंच नाव लिहिलं होतं. सचिव खाली बसले.

टॉवेल खांद्यावर घेऊन झुंबर उभी राहिली, म्हणजे उभी राहणं बराच वेळ चाललं, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझ्या मागून कोण येतंय ते मला हीच सांगते. ती नसली की मला कळत नाही. तिला घेतलंत ते बरोबर आहे." एवढं बोलून तिने टकळीला जवळ ओढलं. टकळी तिच्या कोपराशी लपून परत रडायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. चष्मेवाला असूनही माझा चष्मा पुसायला मला फडकं सापडेना.

निघताना मी कॅप्टनबाईंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, माफी राहू द्या, उलट मीच तुमची आभारी आहे. मी म्हणालो, बाई, लाजवू नका. त्या म्हणाल्या, नाही नाही, फक्त पुढच्या वेळी बरोबर चष्मा द्या, रोज रोज आभार मानणं मला जमणार नाही.

तेवढ्यात हेडबाईंनी माझी कॉलर धरून मला कोर्टकडे वळवलं. झुंबर दूरच्या पाटीवरचे गुण बघत होती, डोळे बारीक करकरून. "मागच्या बाकावरची मुलं फळ्याकडे अशीच बघायची," हेडबाई म्हणाल्या. "तू चष्मे विकतोस ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर मी या मुलीचे हात, पाय, उडी सगळं तपासलं होतं. डोळे तेवढे राहिले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर दुकानात आली. टकळी सोबत होतीच, दारातून आत येईपर्यंत तिने आमच्या दुकानाची पायरी, दार, पंखा, सगळ्याबद्दल तिला सूचना दिल्या. आदल्या संध्याकाळी दुकानात परतल्या परतल्या माझा संघ मी उतरवून ठेवला होता. साध्या अक्षरांचा फलक परत लावला. झुंबरला वरच्या तीन ओळींच्या खालचं काही दिसत नव्हतं. मी नंबर काढला. एक शब्द जास्तीचा बोललो नाही. बायकोने मागून दोनदा डोकावून बघितलं, मला बरं नाहीये की काय म्हणून.

खेळताना घालता येईल असा पट्ट्याचा चष्मा बायकोने स्वतः बसवून दिला. मी तो झुंबरच्या नाकावर चढवला, समोरचं वाचून घेतलं आणि मगच तिला सोडलं. ती थेट स्टेडियमवर गेली. संध्याकाळी परत आली आणि काउंटरशी गंभीर चेहऱ्याने उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "बास्केटच्या मागच्या फळीवर चौकोन आखलेला असतो."

"असतोच."

"मला वाटायचं, गोल आहे. इतकी वर्षं मी त्या गोलाच्या कडेवर मारत होते. हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

तिने वाकून बायकोला मिठी मारली. बायको त्या मिठीत दिसेनाशी झाली. चष्म्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात न बोलता ठरलेली ही माझी पहिली गोष्ट.

औषधवाल्याने मला सोडलं नाही. बारापैकी अकरा म्हणजे चूकच, असं तो म्हणाला आणि मीही मान्य केलं. स्पर्धेचे सगळे सामने आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिले. औषधवाला, हेडबाई, बायको, आणि राखीव म्हणून मागे राहिलेली झुंबर, जी खाली सतरंजीवर बसूनही मागच्यांना आडवी यायची. मी तोंडावर बोट ठेवून बसलो होतो. आणि सांगतो, मी गप्प बसलो तेव्हा मला पहिल्यांदाच टीव्हीतून तो बारीक आवाज ऐकू आला. डावीकडे. मागून येतेय. तू जा, मी आहे. आपल्या मुली स्पर्धा जिंकल्या नाहीत. पण ज्यांच्याशी आपण नेहमी मोठ्या फरकाने हरतो, त्यांना त्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत घाम फोडला, आणि एका संघाला तर हरवलंच. त्या दिवशी औषधवाल्याने स्वतःहून चहा मागवला. मी त्याला नुसत्या खुणेने धन्यवाद दिले.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात कॅप्टनबाईंचा फोन आला. नवं शिबिर आहे, तुमची गरज आहे, दोघेही या, असं त्या म्हणाल्या. तुमची गरज आहे! मी फोन ठेवला आणि गल्लीत सांगून आलो, की मला निवड समितीवर घेतलंय. नवा शर्ट शिवला. तो आत खोचला.

स्टेडियमवर पोचलो तेव्हा कळलं, की झुंबरच्या प्रकरणानंतर बाईंनी शिबिरातल्या सगळ्या मुलींचे डोळे तपासून घ्यायचं ठरवलंय. कोर्टच्या कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. डोळे तपासायच्या यंत्रावर नंबर काढायचं काम बाईंनी बायकोकडे दिलं. गप्पा न मारता होईल, असं कारणही सांगितलं. मला वाटलं, आता तरी मला समितीच्या खुर्चीवर बसवतील. पण यंत्राला अंधार लागतो आणि तिथे खिडकीतून ऊन येत होतं. पडदा नव्हता. एक काळी चादर होती. ती दोन्ही हातांनी उंच धरून उभं राहायला कोणीतरी हवं होतं.

तर मी दिवसभर, कोर्टकडे पाठ करून, चादर धरून उभा होतो. दिसत काहीच नव्हतं. मागे बूट वाजत होते, चेंडू वाजत होता, टकळी कुणाला तरी सांभाळत होती आणि पट्ट्याचा चष्मा लावलेली एक उंच मुलगी फळीवरच्या चौकोनात चेंडू मारत होती. तो नेमका चौकोनातच लागतोय, हे मला नुसत्या आवाजावरून कळत होतं. चादरीपलीकडे एकेक मुलगी येऊन बसत होती, काच बदलली की "अय्या, दिसलं" म्हणत होती, आणि उठताना मला, म्हणजे चादरीला, "थँक यू काका" म्हणून जात होती. हात भरून आले होते आणि डोळेही. इतकी महत्त्वाची जागा मला कुठल्याही संघात कधी मिळाली नव्हती.

बायकोने फक्त दोनदा टोकलं. म्हणाली, "अहो, हलू नका."